कठीण पोलादाच्या सुरीला सिरॅमिकची सळई: धार टिकत का नाही?

प्रश्न

गेली अनेक वर्षे मी मऊ पोलादाच्या सुऱ्या वापरत आले आणि त्यांच्यासाठी उभ्या चऱ्यांची पोलादी सळई मला पुरेशी होती. चिरायला बसण्याआधी पाच-सहा हात फिरवले की सुरी पुन्हा चालू लागत असे. काही महिन्यांपूर्वी मी २१० मिलिमीटर लांबीची जपानी घडणीची ग्युतो, म्हणजे रोजच्या सगळ्या कामांची मोठी सुरी, घेतली. तिचे पोलाद व्हीजी-१० असून रॉकवेल सी मापावर तिचे काठिण्य ६० ते ६१ असल्याचे सोबतच्या कागदावर लिहिलेले आहे. सवयीने तीही मी जुन्याच सळईवर फिरवत राहिले. एके दिवशी धारेवर नख हलकेच टेकवून टाचेकडून, म्हणजे मुठीजवळच्या टोकाकडून, पुढच्या टोकाकडे सरकवले, तेव्हा ते दोन ठिकाणी अडकले. दिव्याखाली धरून पाहिले तर तिथे बारीक खांडे पडले होते.

त्यानंतर कुणीतरी सुचवल्यावरून मी पांढऱ्या सिरॅमिकची गुळगुळीत सळई आणली. पहिल्या आठवड्यात फरक स्पष्ट जाणवला. आता मात्र प्रत्येक बाजूला वीस-वीस हात फिरवूनही टोमॅटोची साल आधी दबते आणि मग कापली जाते. सळईवर करड्या-काळ्या रेघा उमटल्या आहेत आणि सुरी तिच्यावरून काचेवरून घसरावी तशी जाते. माझी पद्धत चुकते आहे, सळई संपली आहे, की अशा सुरीला सळई लावूच नये? सुरी मला फार आवडते आणि ती माझ्या हातून खराब होऊ नये, म्हणून सविस्तर विचारते आहे.

पहिले उत्तर

सळई संपलेली नाही आणि अशा सुरीला ती चालतेही. मात्र जुनी पोलादी सळई आणि ही नवी सळई या दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांचे काम वेगळे आहे.

मऊ सुरीत साधारण अर्धा टक्का कार्बन असतो आणि तिचे काठिण्य ५६ ते ५८ च्या आसपास असते. असे पोलाद चिवट असल्यामुळे वापरताना त्याची धार तुटण्याआधी एका बाजूला कलते किंवा दुमडते, आणि पोलादी सळई ती दुमडलेली कड दाबून पुन्हा सरळ करते. व्हीजी-१० मध्ये सुमारे १ टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम असते. त्याची धार सहसा दुमडत नाही, ती झिजते किंवा तिचे सूक्ष्म कण निखळतात. जे वाकलेलेच नाही ते सरळ काय करणार? त्यातच पोलादी सळईचे चरे सगळा दाब काही मोजक्या बिंदूंवर आणतात, आणि ती सळई सुरीइतकीच कठीण असल्याने ठिसूळ कड तिथे तडकते. आपल्या सुरीला खांडे पडण्याचे हे एक मोठे कारण असावे, विशेषतः आपण जुन्या सवयीच्या वेगाने आणि जोराने हात फिरवत असाल तर.

सिरॅमिकची सळई बहुधा अॅल्युमिनियम ऑक्साइडची असते. मोह्स या १ ते १० च्या वेगळ्या मापावर तिचे काठिण्य ९ आहे, म्हणजे स्वयंपाकघरातल्या कोणत्याही पोलादापेक्षा ती कठीण आहे. ती धार सरळ करण्यापेक्षा अगदी थोडे पोलाद घासून काढते आणि कडेवर एक नवा, अतिशय अरुंद उतार तयार करते. थोडक्यात, तो सळईच्या आकाराचा निसणा आहे, आणि निसण्यावर कोन व दाब यांची जी काळजी घ्यावी लागते ती इथेही घ्यावी लागते.

दाबाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण बहुतेकांचे तिथेच चुकते. सपाट दगडावर सुरीचा बराच भाग एका वेळी टेकलेला असतो. गोल सळईवर मात्र धार जेमतेम एका बिंदूपाशी टेकते. हात हलका वाटत असतानाही त्या बिंदूवरचा दाब पुष्कळ असतो. मी स्वतः अंदाज येण्यासाठी सळई टॉवेलच्या घडीत रुतवून स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर ठेवली, काटा शून्यावर आणला आणि नेहमीसारखा हात फिरवून पाहिला. आकडा ९०० ग्रॅमच्या पुढे गेला, आणि मी तर स्वतःला हलक्या हाताचा समजत होतो. तो २०० ग्रॅमच्या खाली राहील असा सराव मी दोन-तीन दिवस केला, आणि तेव्हापासून धारेचा पोत वेगळाच येऊ लागला. सुरीचे स्वतःचे वजन सळईवर विसावते आहे आणि आपण तिला फक्त दिशा देत आहोत, असे हाताला वाटले पाहिजे.

आता कोन. अशा सुरीची धार सहसा प्रत्येक बाजूला १५ अंशांच्या आसपास असते. तो नजरेने ठरवण्यापेक्षा पात्याची उंची मोजावी. पाते ४६ मिलिमीटर उंच असेल, तर १५ अंशांसाठी त्याची पाठ सळईपासून सुमारे १२ मिलिमीटर दूर असायला हवी, आणि १८ अंशांसाठी सुमारे १४ मिलिमीटर. सळईवर मूळ कोनापेक्षा दोन-तीन अंश अधिकच ठेवावेत, म्हणजे नेमकी कडच घासली जाते. खात्री करून घ्यायची असेल तर धारेलगत मार्करने रेघ ओढा, प्रत्येक बाजूला दोन हात फिरवा आणि शाई कुठली गेली ते पाहा. शाई कडेच्या वर पुसली गेली आणि कडेवर तशीच राहिली, तर आपण धारेला स्पर्शच करत नाही आहात. वीस हात फिरवूनही फरक पडत नाही, यावरून मला तीच शंका येते.

सळई उभी धरून तिचे टोक ओल्या फडक्यावर टेकवावे. सुरीची टाच वरच्या बाजूला लावून ती खाली आणि स्वतःकडे अशी ओढावी, की खालपर्यंत येताना संपूर्ण पाते टाचेपासून टोकापर्यंत सळईवरून गेलेले असेल. मात्र टोक सळईवरून निसटू देऊ नये, नाहीतर ते हळूहळू गोल होते. एक हात उजव्या बाजूला, एक डाव्या, असे प्रत्येक बाजूला तीन-चार पुरतात. वेग अजिबात नको.

दुसरे उत्तर

वरचे विवेचन मला मान्य आहे, पण एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. आपल्या सुरीला नखाला लागतील असे खांडे आहेत. अशा अवस्थेत सळई लावू नये. खांडा काढायचा तर त्याच्या तळापर्यंत सगळी धार मागे आणावी लागते, आणि तेवढे पोलाद काढणे बारीक सिरॅमिकच्या आवाक्याबाहेरचे आहे. शिवाय खांड्याच्या दोन्ही कडा सळईवर आदळतात आणि तो वाढू शकतो. आधी ४०० ग्रिटच्या दगडावर (ग्रिटचा आकडा जितका लहान तितका दगड खरखरीत) खांडे काढा, मग १००० वर धार बसवा आणि शक्य असेल तर ३००० च्या आसपासच्या दगडावर ती नितळ करा. हे स्वतः करायचे नसेल तर पाण्यावर, हाताने धार लावणाऱ्याकडे द्यावी. वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर कड इतकी तापू शकते की तिचे पाणी, म्हणजे पोलादाला दिलेले काठिण्य, उतरते, आणि ते पुन्हा चढवता येत नाही.

दुसरी गोष्ट मी माझ्या चुकीतून शिकले. सिरॅमिकची सळई मिळाल्यावर मी जवळजवळ वर्षभर दगड बाहेरच काढले नाहीत, कारण सुरी कागद कापत होती आणि मला तेवढे पुरेसे वाटत होते. मग लक्षात आले की जाड गाजर कापताना सुरी अर्ध्यापर्यंत जाते आणि उरलेले गाजर कापले न जाता कट्कन तडकून फुटते. धार होती, पण धारेमागचे पाते जाड झाले होते. सळईवर दर वेळी थोड्या अधिक कोनात घासल्यामुळे तो अरुंद उतार रुंदावत गेला होता आणि सुरीची पाचर झाली होती. त्या वेळी दगडावर दोन्ही बाजू पातळ करायला माझी एक अख्खी दुपार गेली. म्हणून माझे सांगणे असे आहे की सळईला दोन धारांमधले अंतर लांबवण्याचे साधन मानावे. दगडाची जागा ती घेत नाही.

धार पुढे ठेवून हात फिरवावा की मागे, यावर मतभेद आहेत. मी सुरुवातीचे हात धार पुढे ठेवून, म्हणजे सळईची पातळ साल काढावी तसे, फिरवते, कारण उलट दिशेने ओढल्यास कडेवर बर, म्हणजे घासताना उरणारी पोलादाची पातळ झालर, साचून राहते आणि ती धार चांगली वाटली तरी थोड्याच वेळात मोडते. शेवटी सुरी चामड्यावर उलट्या दिशेने दोन-तीनदा ओढते. चामडे नसेल तर वर्तमानपत्राची घट्ट घडीही चालते.

तिसरे उत्तर

सळई काचेसारखी लागते त्याचे कारण त्या करड्या रेघांमध्येच आहे. ते सुरीचेच पोलाद आहे. सिरॅमिकच्या सूक्ष्म खडबडीत ते भरून बसले की घासायला काही उरत नाही. भांडी घासण्याची पूड आणि ओली खरखरीत घासणी घेऊन सळई फिरवत फिरवत चोळावी, मग धुऊन पूर्ण वाळवावी. रोजच्यासाठी साधे पेन्सिलीचे खोडरबर पुरते. रेघांवरून ते चोळले की पोलाद रबराला चिकटून येते. तेल लावू नये, कारण त्यात पोलादाची भुकटी कालवून बसते. स्वच्छ सळईवरून नख ओढल्यावर नखाची बारीक पांढरी पूड तिच्यावर दिसते. मळलेल्या सळईवरून नख नुसते सरकते. माझ्यासाठी हीच कसोटी पुरेशी ठरली आहे.

सळई पडली असेल तर वापरण्याआधी ती मुठीने लटकती धरून लाकडी चमच्याने हलकेच वाजवावी. अखंड असेल तर खणखणीत वाजते, आत तडा असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो. तडा गेलेली सळई हातात असताना तुटते, आणि त्याच वेळी दुसऱ्या हातात सुरी असते.

प्रश्नकर्तीकडून

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. मार्करची रेघ ओढून पाहिली, आणि शंका खरी ठरली: शाई कडेच्या वर एका पट्ट्यात पुसली गेली होती आणि कडेवरची रेघ जशीच्या तशी होती. योगायोगाने माझ्या पात्याची उंचीही ४६ मिलिमीटरच आहे. मी पाठ जेमतेम ८ मिलिमीटर उचलत होते. सळई पुडीने घासल्यावर पाणी करडे झाले आणि नखाची पूड दिसू लागली. खांड्यांसाठी सुरी दगडावर हाताने धार लावणाऱ्याकडे दिली आहे.

ती परत आल्यावर सळई रोज लावावी का? आणि माझ्याकडे एक लहान, एकाच बाजूला उतार असलेली सुरीही आहे. तिलाही हीच सळई चालेल का?

पहिल्या उत्तरदात्याकडून

पाठ ८ मिलिमीटर म्हणजे जेमतेम १० अंश, तेव्हा वीसच काय, दोनशे हात फिरवूनही कडेला काही झाले नसते.

रोज लावू नये. मऊ सुरीला दर वेळी सळई लावणे योग्य असते, कारण तिची कड दर वेळी थोडी कलते. इथे प्रत्येक हात थोडे पोलाद नेतो. टोमॅटोच्या सालीवर सुरी ओढली आणि ती पहिल्याच स्पर्शाला न रुतता किंचित घसरली, की प्रत्येक बाजूला तीन हात फिरवावेत आणि थांबावे. धार वर करून दिव्याखाली धरल्यास तीक्ष्ण कड दिसतच नाही, आणि बोथट जागा बारीक चमकत्या ठिपक्यांसारखी दिसते. ठिपके एकाच भागात असतील तर तेवढ्याच भागाला सळई लावली तरी चालते. धार आधी आठवडाभर टिकत होती आणि आता एका स्वयंपाकातच उतरते असे जाणवले, तर हातांची संख्या न वाढवता दगड काढावा. गाजराविषयी वर जे लिहिले आहे ते टळण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

एका बाजूच्या सुरीला सळई लावू नका. तिची मागची बाजू सपाट, किंबहुना मध्ये किंचित खोलगट ठेवलेली असते आणि दगडावर ती पूर्ण टेकवून घासायची असते. सळईवर तिला थोडा जरी कोन मिळाला, तरी मागच्या बाजूलाही उतार पडतो आणि तो काढण्यासाठी बरेच पोलाद खर्ची पडते. पुढे कधी जास्त व्हॅनेडियम असलेल्या पोलादाची सुरी घेतलीत तर तिथेही ही सळई कमी पडेल, कारण त्या पोलादातले व्हॅनेडियम कार्बाइडचे कण या सिरॅमिकपेक्षाही कठीण असतात. त्यांना हिऱ्याची पूड बसवलेला दगड लागतो.

आणखी एक सांगायचे राहिले. चिरलेले जिन्नस पाटावरून ढकलताना सुरी उलटी करून पाठीने ढकलत चला. धारेने आडवे खरवडले की कडेवर बाजूने जोर येतो, आणि कठीण पोलादाला तोच सर्वांत कमी सोसतो. सुरी परत आली की आधी पात्याची उंची पुन्हा मोजा, कारण खांडे काढताना ती थोडी कमी झालेली असेल.