'टेरोसॉर'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : 'उडणारे सरपटणारे प्राणी' हे वाचताना खटकते. डायनोसॉरांच्या काळात उडणाऱ्या, आता नामशेष झालेल्या टेरोसॉरसाठी नेमका शब्द कोणता? 'उडते डायनोसॉर' चालेल का?

— 'उडते डायनोसॉर' नकोच. टेरोसॉर हे डायनोसॉरांचे भाऊबंद, पण शाखा वेगळी. उलट पक्षी डायनोसॉरांपासूनच आले, म्हणजे ते नाव शोभेल चिमणी-कावळ्याला.

— खटकते ते 'सरपटणारे'मुळे. 'सरीसृप'मध्येही सृप् म्हणजे सरपटणेच आहे, 'सर्प'ही त्याच धातूचा. पण तत्सम शब्दात ती क्रिया कानाला जाणवत नाही. म्हणून 'उडते सरीसृप' लिहावे, विसंगती वाटत नाही.

— नावाची फोड : ग्रीक 'प्टेरॉन' म्हणजे पंख, 'सॉरॉस' म्हणजे सरडा. हेलिकॉप्टरची खरी फोडही 'हेलिको + प्टर' अशीच, तिथला 'प्टर' हाच. संस्कृत 'पत्र'चा एक अर्थ पंख. तो शब्दही याच कुळातला, किती सुंदर नाते! इंग्रजीत सुरुवातीचा 'प' उच्चारत नाहीत आणि आपल्याकडे नाव तिथूनच आले, तेव्हा 'टेरोसॉर' हेच रूप ठेवावे.

— मग टेरोडॅक्टिल?

— तो समानार्थी शब्द नव्हे. टेरोसॉर हा सगळा गट, टेरोडॅक्टिल त्यातला एक. जर्मनीतल्या बव्हेरियातल्या चुनखडीत सापडलेल्या त्याच्या सांगाड्याचे वर्णन निसर्ग-अभ्यासक कोलिनीने १७८४ मध्ये केले, पण प्राणी समुद्रातला मानला. तो उडणारा सरीसृप असल्याचे फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिएने १८०१ मध्ये ओळखले आणि १८०९ मध्ये त्याला 'पंख-बोट' अशा अर्थाचे हे नाव दिले. नाव अगदी नेमके आहे : हाताची पहिली तीन बोटे आखूड, नखांची, मोकळी, चौथे मात्र प्रचंड लांबलेले आणि पंखाचा पडदा त्याच एका बोटावर ताणलेला. वटवाघळात अंगठा मोकळा असतो आणि उरलेली चार बोटे पडद्यात असतात. त्यामुळे 'वटवाघळासारखे पंख' लिहिले की रचनाच चुकते. 'कातडीचे पंख' म्हणावे.

— भाषांतरात आणखी एक चूक नेहमी होते. क्वेट्झलकोआट्लस या प्रचंड टेरोसॉरच्या 'पंखाची लांबी १० मीटर' म्हटले, तर एकच पंख १० मीटरचा होतो. तो आकडा पसरलेल्या दोन्ही पंखांचा, टोकापासून टोकापर्यंतचा. तिथे 'पंखविस्तार सुमारे १० मीटर' असेच हवे.