नेटहॅकमधील ‘पर्यटक’: निव्वळ थट्टा की खेळण्याजोगे पात्र?

तळघरवासी (प्रश्न)
१९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला, तळघरात भटकण्याचा नेटहॅक हा संगणकीय खेळ मी नुकताच खेळू लागलो असून त्यात ‘पर्यटक’ हे पात्र निवडले आहे. अंगात हवाईयन शर्ट, सोबत महागडा कॅमेरा, खिसा गरम आणि लढाईच्या नावाने शून्य, हे पाहून हसू आले. परंतु दुकानदार मला सर्रास चढा भाव लावतात, आणि तरंगणारा निळा डोळा या राक्षसावर वार करताच पात्र असे थिजते की एखादा फुटकळ कोल्हाही त्याचा फडशा पाडतो. मेलेले पात्र परत मिळत नाही. हे पात्र केवळ थट्टेपुरतेच ठेवले आहे का?

जुनी_पायरी
थट्टा आहेच, पण या खेळात प्रत्येक थट्टेमागे एक नियम असतो. अनुभवाच्या पंधराव्या पातळीला पोहोचेपर्यंत पर्यटकाकडून एक तृतीयांश रक्कम जादा घेतली जाते, त्यामुळे तोवर शर्ट झाकून काहीच साधत नाही. त्यानंतर मात्र तो चिलखताखाली किंवा झग्याखाली झाकावाच, कारण उघडा शर्ट दिसला की दुकानदार कोणत्याही पात्राला असेच लुबाडतो. निळा डोळा तुम्हाला पाहू शकत असेल आणि तुम्हीही त्याला पाहत असाल, तरच तुम्ही थिजता, तेही कधी कधी शंभराहून अधिक चालींसाठी. सुरुवातीलाच मिळालेले हाताने फेकायचे छोटे बाण (डार्ट) लांबून फेकून त्याला मारा आणि त्याचे कलेवर अवश्य खा. त्यातून दूरसंवेदन मिळते, म्हणजे डोळ्यांवर पट्टी असताना मन असलेले प्राणी दुरून जाणवतात. कॅमेऱ्याच्या झोताने डोळ्याला आंधळे करून जवळून मारणेही शक्य आहे, पण ते आंधळेपण किती चाली टिकेल याचा भरवसा नसल्याने मी बाणच पसंत करतो.

मांजरप्रेमी
भावाची तक्रार असेल तर पाळीव मांजराला दुकानात मोकळे सोडावे आणि आपण दाराजवळ थांबावे. ते अधूनमधून एखादी वस्तू तोंडात धरून बाहेर आणून टाकते, आणि तिचे पैसे दुकानदार मागत नाही. वेळ फार जातो, हे खरे.

मूकपट_रसिक
प्रत्येक थट्टेमागे नियम असतो, या जुनी_पायरी यांच्या मताशी मी सहमत आहे, तरी या खेळातील काही विनोद आपल्याकडच्या खेळाडूला सहज उमगत नाही, असे मला वाटते. पैसे न देता माल घेऊन पळालात तर मागे लागणारे कीस्टोन कॉप्स हे १९१० च्या दशकातील अमेरिकी मूकपटांतले वेंधळे पोलीस आहेत, आणि म्हणूनच त्यांच्यापैकी काहींजवळ फेकून मारायला क्रीमचे ‘पाय’ (pie, केकसारखा गोड पदार्थ) असतात. असा पाय हाती लागला तर खाऊ नका, जपून ठेवा. तो स्वतःच्याच तोंडाला फासला की काही काळ तुम्हाला दिसेनासे होते. मग मोठे एफ (F) आणि दिशेची कळ दाबून निळ्या डोळ्यावर खुशाल वार करा. तोंड पुसायला टॉवेल जवळ असल्यास उत्तम.