अनुभव धागा : आयतं लिनक्स मशीन आणि पहिली अडचण

नाशिकमध्ये कॉलेजात, क्लासमध्ये किंवा नोकरीसाठी लिनक्स शिकायला बसलेल्या बऱ्याच जणांच्या हातात पहिल्यांदा येतं ते कुणीतरी आधीच तयार करून ठेवलेलं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरच्या आत प्रोग्रामने चालवलेला दुसरा कॉम्प्युटर. पेनड्राइव्हवरून ओव्हीए फाइल (सगळं मशीन बांधून ठेवलेली एकच फाइल) घ्यायची, असं मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्राममध्ये इम्पोर्ट करायची, स्टार्ट दाबायचं. चाललं तर उत्तमच. अडलं, तर नवख्या माणसाला कळत नाही की बिघाड विंडोजमध्ये आहे, व्हर्च्युअलबॉक्समध्ये आहे की आतल्या लिनक्समध्ये. डिस्क केवढी, नेटवर्क कसलं, कीबोर्ड कुठल्या देशाचा, हे सगळं दुसऱ्याने ठरवलेलं असतं.

मी गंगापूर रोडला नवशिक्यांना शिकवते. अडलं की मशीन डिलीट करून पुन्हा इम्पोर्ट करायचं, ही सवय मला मनापासून खटकते. काम चालू होतं, पण शिकण्यासारखं जे होतं ते त्या फाइलबरोबर जातं. म्हणून आपल्या भागाच्या नावाखाली लिहा: स्क्रीनवर नेमकं काय आलं, कुठे पाहिलंत, काय निघालं. उपाय अर्धवट असला तरी चालेल.

सिडको
ताई, मुलीच्या बीसीएससाठी लॅपटॉप घेतला. मशीन सुरूच होईना. मेसेजमध्ये ‘एएमडी-व्ही इज डिसेबल्ड इन द बायोस’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं, म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठी लागणारी प्रोसेसरची सोय बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) बंद होती. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडलं की खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ची ओळ दिसते, तिथे डिसेबल्ड होतं. बायोसमध्ये ‘एसव्हीएम मोड’ नावाने पर्याय सापडला, तो चालू केला. इंटेलच्या लॅपटॉपवर तोच व्हीटी-एक्स किंवा ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ म्हणून असतो. लिनक्सचा यात काही संबंधच नव्हता.

पंचवटी
पासवर्ड कागदावर लिहून दिलेला, तरी ‘लॉगिन इनकरेक्ट’. टाइप करताना काही दिसत नाही, त्यामुळे आपण काय दाबतोय याचा पत्ताच नाही. मैत्रिणीने सुचवलं, युजरनेमच्या जागी पासवर्ड टाइप करून बघ, तिथे अक्षरं दिसतात. बघितलं तर शिफ्ट आणि २ दाबल्यावर ॲट द रेटच्या जागी अवतरणचिन्ह उमटत होतं. मशीन ब्रिटिश कीबोर्डवर लावलेलं होतं. त्यात ही दोन चिन्हं एकमेकांच्या जागी असतात. अवतरणचिन्हाची की दाबून आत गेले आणि मग लेआउट बदलला.

नाशिकरोड
मी अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. शिफ्ट सुटल्यावर घरी लिनक्स शिकतो. डेस्कटॉपला यूपीएस नाही. संध्याकाळी लाइट गेली तेव्हा मशीन आत चालूच होतं. लाइट आल्यावर सुरू केलं तर काळी स्क्रीन, आणि शेवटी फक्त कंसात ‘इनिट्रॅमएफएस’ (लिनक्स पूर्ण सुरू होण्याआधीची तात्पुरती पायरी) एवढंच. काही टाइप केलं तर ‘नॉट फाउंड’.

कारखान्यात मशीन ट्रिप झालं की पॅनेलवर अलार्मची रांग लागते. आम्ही शेवटचा अलार्म बघत बसत नाही, सगळ्यात आधी कुठला आला ते शोधतो. बाकीचे त्याच्यामुळे आलेले असतात. इथेही तेच केलं. वरच्या ओळी सावकाश वाचल्या. त्यात लिहिलेलं होतं: ‘/डेव्ह/एसडीए१: अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली’. एफएससीके ही डिस्कवरच्या फाइलींची मांडणी तपासून दुरुस्त करणारी कमांड. म्हणजे डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली, फाइलींचा हिशेब अर्धवट राहिला आणि काय करायचं तेही मशीननेच सांगितलेलं होतं.

मशीन बंद करून आधी त्याचं सगळं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी केलं. ही पायरी कुणी गाळू नका, कारण दुरुस्ती करताना एफएससीके काही गोष्टी काढूनही टाकू शकतं. मग पुन्हा सुरू करून ‘एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए१’ दिलं. -वाय म्हणजे प्रत्येक प्रश्नाला ‘हो’. भराभर ओळी सरकल्या, शेवटी ‘फाइल सिस्टीम वॉज मॉडिफाइड’ आलं. ‘एक्झिट’ टाइप केलं, लॉगिन स्क्रीन आली. ज्यांचा पत्ता लागत नाही अशा फाइली ‘लॉस्ट+फाउंड’मध्ये टाकलेल्या असतात, तिथेही एकदा डोकवा. ज्यांच्याकडे लाइट जाते-येते त्यांनी हे लिहून ठेवा, पण डिस्कचं नाव आपल्या स्क्रीनवर असेल तेच वापरा. प्रत्येकाचं एसडीए१ असेलच असं नाही.

कॉलेज रोड
आमच्या लॅबमध्ये शुक्रवारी मशीन ‘सेव्ह स्टेट’ करून, म्हणजे आहे त्या स्थितीत गोठवून ठेवतात. सोमवारी ‘एपीटी अपडेट’ (पॅकेजेसची, म्हणजे तयार प्रोग्रामची यादी ताजी करणारी कमांड) दिलं की ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड यट’. मुलं इंटरनेटच्या मागे लागतात. ‘डेट’ टाइप करायला सांगितलं की आतल्या घड्याळात अजून शुक्रवार दिसतो! सर्व्हरवरची नवी यादी त्या मशीनच्या दृष्टीने भविष्यातली असते, म्हणून ते नाकारतं. घड्याळ बरोबर केलं की झालं. गेस्ट ॲडिशन्स (आतल्या लिनक्समध्ये टाकायचे व्हर्च्युअलबॉक्सचे जोडप्रोग्राम) नीट बसलेल्या असतील तर बहुधा हे आपोआप होतं.

सिन्नर
मला बिग डेटाच्या प्रोजेक्टसाठी सेंटओएस ६ (लिनक्सचा एक प्रकार) चं जुनं मशीन मिळालं. आत नेटच नाही. नेटवर्क कार्डं दाखवणाऱ्या ‘आयएफकॉन्फिग’ कमांडमध्ये फक्त ‘एलओ’, म्हणजे मशीनने स्वतःशीच बोलायची जोडणी. कारण शोधायला वेळ लागला, पण समजल्यावर फार समाधान वाटलं. इम्पोर्ट करताना व्हर्च्युअलबॉक्स नेटवर्क कार्डाला नवा मॅक ॲड्रेस (कार्डाचा ओळख क्रमांक) देऊ शकतं. जुनं लिनक्स मात्र जुना ॲड्रेस ‘७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स’ या फाइलमध्ये धरून बसलेलं असतं. त्याच्या लेखी ‘इथ०’ हे जुनं कार्ड, नवं आलं ते ‘इथ१’, आणि सेटिंग फक्त इथ० चं. ती फाइल काढली, ‘आयएफसीएफजी-इथ०’मधली मॅक ॲड्रेसची ओळ काढली, रीस्टार्ट केलं. १०.०.२.१५ हा पत्ता मिळाला.

पण पॅकेजेस टाकणारी ‘यम’ कमांड चालेना. ती दुसरी गोष्ट. सेंटओएस ६ चा सपोर्ट ३० नोव्हेंबर २०२० ला संपला. जुनी पॅकेजेस आता ‘व्हॉल्ट’ नावाच्या संग्रहात आहेत. रेपोच्या फाइलमध्ये (पॅकेजेस कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या) पत्ता तिकडचा द्यावा लागतो.

देवळाली कॅम्प
मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसत असतील तर ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ हे पॅकेज टाका. उबुंटू, डेबियन या लिनक्सच्या दोन्ही प्रकारांत आहे.

इंदिरानगर
पासवर्ड बरोबर. स्क्रीन क्षणभर काळी होते आणि पुन्हा लॉगिनवरच येते. पासवर्ड चुकला तर वेगळा मेसेज येतो, म्हणजे दोष पासवर्डचा नाही, एवढं धरून पुढे गेलो. उजवं कंट्रोल आणि एफ३ दाबलं की आतल्या लिनक्सला कंट्रोल-ऑल्ट-एफ३ पोचतं आणि साधी काळी, फक्त अक्षरांची स्क्रीन मिळते. तिथे लॉगिन झालं. डिस्क किती भरली ते दाखवणारं ‘डीएफ -एच’ दिलं तर मुख्य डिस्क १००%. तयार करणाऱ्याने १० जीबीचीच डिस्क दिलेली. ‘एपीटी क्लीन’ करून उतरवलेली पॅकेजेस काढली, ‘जर्नलसीटीएल’चे जुने लॉग (मशीनच्या नोंदी) कमी केले, डेस्कटॉप उघडला. ताई, आता व्हर्च्युअलबॉक्समधून डिस्क २५ जीबी केली आहे, तरी आत अजून १० च दाखवतंय.

धागाकर्ती
इंदिरानगर, बरोबरच दाखवतंय. बाहेरून फक्त डिस्क वाढली. आतलं पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) आणि त्यावरची फाइल सिस्टीम (फाइलींची मांडणी) वेगळी वाढवावी लागते. आधी मशीन बंद करून फोल्डरची कॉपी घ्या, मग डिस्क आणि तिचे भाग दाखवणारं ‘एलएसबीएलके’ देऊन जे दिसेल ते इथे टाका. एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणारी पद्धत) आहे की साधं पार्टिशन, ते पाहून पुढच्या कमांड सांगते.