रविवारच्या दुपारी नेहमीचे खेळाडू बाकावर का बसवतात?

गोदाकाठ

नमस्कार. माझे वडील दोन महिन्यांसाठी नाशिकहून आमच्याकडे अमेरिकेत आले आहेत. आल्यावर पहिले काही दिवस त्यांना रात्री झोप लागत नव्हती आणि त्या जागरणांतच त्यांना बेसबॉलची गोडी लागली. आयुष्यभर क्रिकेट पाहिलेले असल्यामुळे खेळाचा हिशेब त्यांना लवकर उमगला आणि पंधरा दिवसांत आमच्या शहरातल्या संघाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, त्यांचा आवडता खेळाडू झाला. त्याच्यासाठीच मी गेल्या रविवारच्या दुपारच्या सामन्याची तिकिटे काढली.

मैदानावरच्या फलकावर नावे झळकली तेव्हा त्यांत शॉर्टस्टॉप नव्हता आणि नेहमीचा कॅचर (बेसबॉलमधला यष्टिरक्षक) ही नव्हता. तिसऱ्या क्रमांकावर बॅटिंग करणारा खेळाडू होता, पण क्षेत्ररक्षणाला न उतरता तो फक्त डेझिग्नेटेड हिटर म्हणून खेळला. वडिलांचा आवडता खेळाडू डगआऊटच्या कठड्यावर दोन्ही कोपरे टेकून सूर्यफुलाच्या बिया चघळत उभा होता. वडिलांनी मला तीनदा विचारले, "त्याला काही लागलेय का रे?" काहीही लागलेले नव्हते. आदल्या रात्री तो पूर्ण नऊ इनिंग खेळला होता. नवव्या इनिंगमध्ये आमचा संघ एका धावेने मागे होता, दोन आऊट झाले होते (तिसऱ्या आऊटला डाव संपतो), दुसऱ्या बेसवर धावणारा उभा होता, आणि त्या क्षणीही मॅनेजरने (बेसबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाला मॅनेजर म्हणतात) राखीव खेळाडूलाच बॅटिंग करू दिली. तो आऊट झाला आणि सामना हातचा गेला.

मला मनापासून समजून घ्यायचे आहे. ज्या खेळात क्षेत्ररक्षक बराच वेळ नुसता उभा असतो, त्या खेळात विश्रांतीची एवढी गरज का पडते? आणि विश्रांती दिलेला खेळाडू धडधाकट असताना निर्णायक क्षणी त्याला मैदानात का उतरवत नाहीत?

कऱ्हाकाठ

गोदाकाठ, आपल्या वडिलांचा हिरमोड झाला याचे वाईट वाटले. मी गेली अठरा वर्षे हा खेळ नियमाने पाहत आहे, आणि सुरुवातीला मलाही हाच प्रश्न पडला होता.

उत्तराची सुरुवात वेळापत्रकापासून करावी लागते. मेजर लीग या इथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतला प्रत्येक संघ मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत १६२ सामने खेळतो, आणि त्यासाठी त्याला जेमतेम सहा महिने मिळतात. जुलैमधल्या ऑल-स्टार सामन्याची सुट्टी वजा केली तर महिन्याला तीन-चारच दिवस मोकळे राहतात, आणि त्यांतलेही काही प्रवासात जातात. शनिवारी रात्री दहाला सामना संपला, खेळाडू साडेअकराला मैदानाबाहेर पडला, तर रविवारी सकाळी नऊ-साडेनऊला त्याला पुन्हा ड्रेसिंग रूममध्ये हजर व्हावे लागते. रात्रीच्या सामन्यानंतर लगेच येणारी ही दुपार म्हणजे विश्रांती देण्याची ठरलेली वेळ असते. आपण नेमके त्याच दुपारचे तिकीट काढले होते.

त्यातही कॅचरची गोष्ट निराळी आहे. एका सामन्यात त्याच्या संघाचे पिचर (बेसबॉलमधले गोलंदाज) साधारण दीडशे चेंडू टाकतात आणि त्यांतल्या प्रत्येक चेंडूला तो उकिडवा बसतो, उठतो, पुन्हा बसतो. बॅटला निसटता लागलेला चेंडू त्याच्या मुखवट्यावर, खांद्यावर, मांडीवर आदळतो. या हिशेबाने तो आठवड्यात सहा दिवस खेळला तर नऊशे वेळा उकिडवा बसेल. म्हणून मोसमात १३० सामन्यांची सुरुवात करणारे कॅचर आता मोजकेच उरले आहेत, आणि रात्रीनंतरच्या दुपारी दुसरा कॅचर खेळणे ही बहुतेक संघांची जुनी रीत आहे. अनेक पिचरांना हा दुसरा कॅचरच अधिक मानवतो, त्यामुळे त्याचे दिवस त्या पिचरच्या पाळीला जोडूनही ठरवले जातात.

शॉर्टस्टॉप नुसता उभा असतो हे मात्र मला मान्य नाही. पुढच्या वेळी चेंडूकडे न पाहता फक्त त्याच्याकडे पाहा. प्रत्येक चेंडूच्या आधी तो चवड्यांवर भार घेऊन एक छोटी उडी मारतो आणि दोन्ही बाजूंना झेपावण्याच्या तयारीत येतो. ज्या चेंडूवर काहीच घडत नाही त्या चेंडूलाही त्याला हे करावेच लागते. जून सरतासरता पोटरी आणि मांडीचा मागचा स्नायू जड व्हायला लागतो, आणि त्याच अवस्थेत पहिल्या बेसकडे जोरात धावताना तो स्नायू दुखावला तर खेळाडू तीन-चार आठवडे घरी बसतो. एक दुपार देऊन ते आठवडे वाचवणे हा मॅनेजरचा हिशेब असतो.

आणि आपण पाहिलेली डेझिग्नेटेड हिटरची जागा ही अर्धी विश्रांतीच आहे. २०२२ पासून मेजर लीगच्या दोन्ही गटांमध्ये ती जागा आल्यामुळे चांगल्या बॅटरला मैदानातल्या धावपळीतून सोडवून त्याची बॅट मात्र राखता येते.

खानदेशी_पहिलाबेस

मी शाळा-कॉलेजात जळगावकडे सॉफ्टबॉल खेळले आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर थोडे लिहिते. सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीला उतरलेली खेळाडू बाहेर गेली तरी एकदा परत येऊ शकते. आमच्या बाई या नियमाचा पुरेपूर उपयोग करायच्या. बेसवर धावायला चपळ मुलगी पाठवायच्या आणि पुढच्या इनिंगला मूळ खेळाडूला परत आणायच्या. व्यावसायिक बेसबॉलमध्ये तसे चालत नाही. बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यापुरता संपला, त्यामुळे तिथे प्रत्येक बदलाची किंमत मोजावी लागते.

आता बाकावर माणसे किती असतात ते पाहा. संघात २६ खेळाडू असतात आणि त्यांत जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात. बहुतेक संघ तेवढे ठेवतातच. उरलेल्या १३ पैकी नऊ जण बॅटिंगच्या क्रमात असतात, म्हणजे बाकावर फक्त चौघे राहतात. त्यांतला एक दुसरा कॅचर असतो, आणि खेळत असलेल्या कॅचरला दुखापत झाली तर काय, या भीतीने त्याला सहसा शेवटपर्यंत हात लावत नाहीत. हाती राहिले तिघे. आपण वर्णन केलेल्या रविवारी त्या चौघांत एक नेहमीचा कॅचर आणि एक नेहमीचा शॉर्टस्टॉप होता, म्हणजे मॅनेजरच्या हाती खऱ्या अर्थाने दोनच राखीव होते.

तरीही त्याने शॉर्टस्टॉपला पिंच हिटर, म्हणजे दुसऱ्याच्या जागी ऐनवेळी येणारा बॅटर, म्हणून पाठवायला हवे होते का? बरेच मॅनेजर अशा वेळी पाठवतात, हे खरे आहे. पण पूर्ण विश्रांती द्यायची असे त्याने आणि संघाच्या प्रशिक्षकांनी आधीच ठरवले असेल, तर तो शब्द पाळण्यालाही महत्त्व आहे. दोन तास कठड्याला टेकून उभा असलेला खेळाडू एका चेंडूवर जीव तोडून धावतो तेव्हा स्नायू दुखावण्याचा धोका सर्वाधिक असतो. शिवाय सामना बरोबरीत येऊन दहाव्या, अकराव्या इनिंगपर्यंत लांबला असता तर त्याला क्षेत्ररक्षणही करावे लागले असते, आणि मग विश्रांतीचा दिवस नेहमीपेक्षा थकवणारा ठरला असता.

शीवेवरून

मी वरच्या दोन्ही प्रतिसादांशी पूर्णपणे सहमत नाही. वेळापत्रक कठीण आहे, पण बाल्टिमोरचा कॅल रिपकेन ज्युनियर त्याच वेळापत्रकात ३० मे १९८२ पासून सलग २,६३२ सामने खेळला, आणि त्यांतला बहुतेक काळ शॉर्टस्टॉपच्या जागीच. ६ सप्टेंबर १९९५ रोजी बाल्टिमोरमध्ये त्याने लू गेरिगचा २,१३० सामन्यांचा विक्रम मागे टाकला तेव्हा लोक वीस मिनिटांहून अधिक काळ उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्या केवळ आकड्यासाठी नव्हत्या. तिकीट काढून मुलाला घेऊन आलो तर हा माणूस मैदानात दिसणारच, हा भरवसा त्याने तेरा वर्षे जपला होता आणि लोक त्याची पावती देत होते. बास्केटबॉलच्या एनबीएने २०२३ मध्ये धडधाकट तारे बसवण्यावर नियम करून निर्बंध घातले. बेसबॉलमध्ये असा नियम नाही. निदान विश्रांतीचे दिवस आठवडाभर आधी जाहीर करावेत, एवढी अपेक्षा ठेवणे मला रास्त वाटते. आपल्याकडे २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात बुमरा पाचपैकी तीनच कसोटी खेळणार, हे आधीच सांगितले गेले होते. त्यावर वाद झाला, पण निदान लोकांची फसगत झाली नाही.

कऱ्हाकाठ

शीवेवरून, प्रेक्षकांना आधी सांगावे हे आपले म्हणणे मला पटते. एक अडचण मात्र आहे. उद्या कोण खेळणार नाही हे प्रतिस्पर्ध्याला आठवडाभर आधी कळले तर तो आपल्या पिचरांची आखणी त्यानुसार करील, आणि ती माहिती कोणताही मॅनेजर सुखासुखी देणार नाही.

रिपकेनच्या विक्रमाबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण त्याच विक्रमाची एक दुसरी बाजू आहे. १९८७ पर्यंत तो सामना तर चुकवत नव्हताच, पण एक इनिंगही चुकवत नव्हता. सलग ८,२४३ इनिंग झाल्यावर त्या सप्टेंबरमध्ये टोरोंटोविरुद्ध संघ दारुण हरत असताना त्याला मॅनेजरने बाहेर बोलावले, आणि तो मॅनेजर म्हणजे त्याचे वडील, कॅल रिपकेन सीनियर. मुलाच्या डोक्यावरचे ओझे वडिलांनीच उतरवले. पुढे सामन्यांची मालिकाही रिपकेनने २० सप्टेंबर १९९८ रोजी स्वतःहून थांबवली. त्या रात्री त्याच्या जागी दुसरा खेळाडू उतरला आहे हे लक्षात आल्यावर प्रतिस्पर्धी यांकीज संघ डगआऊटच्या पायऱ्यांवर येऊन त्याला टाळ्या वाजवत होता.

खेळाडू स्वतः विश्रांती मागत नाहीत, त्यालाही गेरिगपासूनच कारण आहे. २ जून १९२५ रोजी यांकीजचे मॅनेजर मिलर हगिन्स यांनी संघात फेरबदल करताना पहिल्या बेसवरच्या वॉली पिपला बसवले आणि तरुण गेरिगला उतरवले. पिपला ती जागा पुन्हा मिळाली नाही. आजही एखादा खेळाडू दुखरे मनगट लपवून खेळतो तेव्हा त्याच्या मनात कुठेतरी पिप असतो. म्हणून थांबण्याचा निर्णय मॅनेजरने घ्यावा आणि त्याचा बोलही त्यानेच सोसावा, असे मला वाटते.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. बाकावरच्या चौघांचा हिशेब वडिलांना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी लगेच पुढचा प्रश्न काढला, "जो आठवड्यातून एकदा खेळतो, त्याची नजर चेंडूवर बसणार कशी?" मलाही त्याचे उत्तर देता आले नाही.

खानदेशी_पहिलाबेस

तुमच्या वडिलांनी मुद्द्याला हात घातला आहे. नजर बसत नाही, आणि म्हणूनच राखीव खेळाडूंना ठरवून खेळवावे लागते. विश्रांतीचा दिवस नेहमीच्या खेळाडूसाठी जितका असतो तितकाच तो राखीव खेळाडूसाठी असतो, हे मी स्वतः बाकावर बसून शिकले. तीन आठवडे हाताला बॅट न लागलेल्या मुलीला अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी पाठवले तर तिचा दोष किती आणि पाठवणाऱ्याचा किती?

चांगला मॅनेजर राखीव खेळाडूचा दिवस समोरच्या पिचरवरून निवडतो. उजव्या पिचरचा स्लायडर (बाजूला वळणारा वेगवान चेंडू) उजव्या बॅटरपासून दूर पळतो आणि डावखुऱ्याच्या मात्र आत येतो, त्यामुळे उजवा शॉर्टस्टॉप बसवायचाच असेल तर समोर कठीण उजवा पिचर असतानाच बसवावा आणि डावखुऱ्या राखीव खेळाडूला संधी द्यावी. दोघांचेही भले होते. सामन्याच्या दिवशीही हे खेळाडू नुसते बसून नसतात. पाचव्या इनिंगपासून ते आतल्या जाळीत बॅट फिरवू लागतात आणि बुलपेनमध्ये (राखीव पिचर सराव करतात त्या जागेत) कोणता पिचर हात मोकळा करतो आहे याकडे त्यांचे लक्ष असते.

या तयारीचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे १७ ऑक्टोबर २००४ चा सामना. बॉस्टन यांकीजविरुद्धच्या मालिकेत तीन सामने हरलेला होता आणि चौथ्यातही नवव्या इनिंगला ४-३ असा मागे होता. केव्हिन मिलार पहिल्या बेसवर पोचला तेव्हा त्याच्या जागी धावायला बाकावरून डेव्ह रॉबर्ट्सला पाठवले. तो बेसची चोरी करणार, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पुढच्या बेसवर धावणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. यांकीजचा पिचर मारियानो रिव्हेराने त्याला रोखण्यासाठी तीनदा पहिल्या बेसवर चेंडू टाकला. बॅटरला टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला, बिल म्युलरच्या फटक्यावर बरोबरीची धाव केली, बॉस्टनने तो सामना, मग मालिका आणि पुढे १९१८ नंतरचे पहिले विजेतेपद जिंकले. तोच रॉबर्ट्स आज लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचा मॅनेजर आहे. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, पहिल्या पाच सामन्यांत ज्याला एकदाही सुरुवात करायला मिळाली नव्हती, त्या ३६ वर्षांच्या मिगेल रोहासला त्याने सहाव्या आणि सातव्या सामन्यात उतरवले. सातव्यात, टोरोंटो विजेतेपदापासून दोन आऊट दूर असताना, रोहासने होमरन मारून ४-४ अशी बरोबरी साधली. त्याच इनिंगच्या उत्तरार्धात बेस भरलेले असताना त्याने दुसऱ्या बेसजवळून होम प्लेटकडे (जिथे पोचल्यावर धाव होते) केलेली फेक धाव वाचवून गेली, आणि पुढचा उंच चेंडू पकडला तो नुकताच मैदानात आणलेल्या अँडी पाहेसने, तोही फॉर्म गेल्यामुळे आधीच्या सामन्यांत बसवलेला खेळाडू. पुढे अकराव्या इनिंगमध्ये डॉजर्स ५-४ असे जिंकले.

शीवेवरून

रोहासचे उदाहरण मान्य आहे. माझा आग्रह फक्त दूरवरून आलेल्या माणसाला आधी कळावे एवढाच आहे. गोदाकाठ, व्यावहारिक सल्ला देतो: तिकीट शुक्रवारच्या रात्रीचे काढा, आणि संघाला गुरुवारी सुट्टी असेल असा आठवडा निवडा. सुट्टीनंतरच्या पहिल्या रात्री नेहमीचे खेळाडू बसवण्याचे कारण फारसे उरत नाही. बॅटिंगचा क्रम सामन्याच्या तीन-चार तास आधी जाहीर होतो, तोही पाहून निघा.

गोदाकाठ

वेळापत्रक पाहिले. वडील परत जाण्याआधी असा एक शुक्रवार मिळतो आहे, तिकिटे काढली आहेत. वडिलांनी मात्र सांगितले आहे की त्या रविवारी आऊट झालेला मुलगा पुन्हा केव्हा खेळणार, तेही बघून ठेव.