पोट टोकदार म्हणजे पोरगा? सातव्या महिन्याचा प्रश्न

प्रश्न: वहिनीले सातवा चालू हाय, पयलटकरीण. सासूबाई म्हणतात, पोट टोकदार हाय, पोरगाच होईन. शेजारीण धाग्याले अंगठी बांधून पाहा म्हणते. यात तथ्य काय?

उत्तर १: पहिलटकरणीच्या पोटाचे स्नायू घट्ट असतात, म्हणून पोट पुढं येतं. दुसऱ्या खेपेला ते सैल पडतात, मग पोट पसरट दिसतं. बाळ आडवं असलं तरीही तसंच. अंगठी फिरते ती बोटांच्या बारीक हालचालीनं, धरणाऱ्याला कळतही नाही. तोच धागा खुंटीला बांधा, अंगठी थोडी झुलून थांबेल.

उत्तर २: डोहाळजेवणात झाकलेल्या वाट्यांतून पेढा-बर्फी खुशाल काढा, गंमत आहे ती. अंबाडीच्या भाजीचे डोहाळे लागले तरी बिघडत नाही. माती, खडू खावासा वाटला तर मात्र हिमोग्लोबिन तपासा, रक्त कमी असल्याची ती खूण असू शकते. चौथ्या महिन्यापासून रोज लोहाची एक गोळी, १८० दिवस. चहासोबत घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. इथंच जास्त जणी चुकतात.

उत्तर ३: पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १४० च्या वर म्हणजे मुलगी, हेही खोटं. ११० ते १६० दोघांचेही असतात. लिंग गर्भधारणेलाच बापाच्या एक्स किंवा वाय गुणसूत्रानं ठरतं, सुनेला बोल लावू नका बापा! आणि सोनोग्राफीत विचारू नका. १९९४ च्या कायद्यानं सांगणं गुन्हा आहे, सांगा म्हणून मागे लागणाऱ्या नातेवाइकांनाही शिक्षा आहे.