आरंभीच्या विश्वातील लहान लाल ठिपके : दीर्घिका की कृष्णविवरे?

शततारका
जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने २०२२ पासून टिपलेल्या छायाचित्रांत जे इवलेसे लाल ठिपके आढळले, त्यांविषयी मी बरेच दिवस जमेल तसे वाचत आहे. कुठे त्यांना दीर्घिका म्हटलेले असते, कुठे कृष्णविवरे, आणि अलीकडे ‘कृष्णविवर-तारा’ असाही शब्द वाचनात आला. माझी मूळ अडचण अशी की, विश्वाच्या प्रसरणामुळे दूरच्या प्रत्येक दीर्घिकेचा प्रकाश लाल बाजूला सरकतोच. मग या ठिपक्यांचाच लालपणा वेगळा का मानायचा? आणि तो ताऱ्यांचा, धुळीचा की आणखी कशाचा, हे एवढ्याशा ठिपक्यावरून कसे ठरवतात?

मृगशीर्ष
ताम्रसृतीचा, म्हणजे प्रकाश असा लाल बाजूला सरकण्याचा, हिशेब आधीच वजा केलेला असतो. ताम्रसृती ५ असेल तर प्रत्येक तरंगलांबी सहापट ताणलेली असते, म्हणून मोजलेल्या आकड्याला सहाने भागून मूळ तरंगलांबी काढतात. इतके केल्यावरही या ठिपक्यांच्या वर्णपटाचा आकार विचित्रच राहतो: अतिनील भागात ते निळसर असतात, दृश्य भागात मात्र लाल होत जातात, आणि दोन्ही भाग मिळून आलेख इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा दिसतो. महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे वळण एकामागून एका ठिपक्यात साधारण ३६४.५ नॅनोमीटरपाशीच येते. ही हायड्रोजनच्या बामर रेषांची, म्हणजे त्याच्या वर्णपटातील एका ठरावीक रेषामालिकेची, लहान तरंगलांबीकडची मर्यादा आहे. (वरच्या उदाहरणात ती आपल्याला २.२ मायक्रोमीटरच्या आसपास दिसेल.) लालपणा केवळ धुळीमुळे असता तर वळण याच जागी येण्याचे कारण नव्हते, कारण धुळीला हायड्रोजनच्या मर्यादेशी काही देणेघेणे नसते.

सुरुवातीचा अंदाज ताऱ्यांचाच होता. २०२३ मध्ये महास्फोटानंतरच्या पहिल्या ६० ते ७० कोटी वर्षांतील सहा लाल दीर्घिका जाहीर झाल्या, आणि त्यांतील सर्वांत मोठीचे ताऱ्यांचे वस्तुमान सुमारे १०० अब्ज सूर्यांइतके काढले गेले. इतक्या कमी काळात एवढे तारे तयार होणे प्रचलित विश्वरचनेत बसवणे अवघड होते, त्यामुळे मोठी चर्चा झाली. पुढे त्यांपैकी एकीचा वर्णपट मिळाला तेव्हा ती अंदाजापेक्षा जवळची, ५.६ ताम्रसृतीची निघाली आणि तिच्यात हायड्रोजनची रुंद रेषा दिसली. रुंद रेषा म्हणजे सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरणारा वायू, आणि असा वायू सहसा कृष्णविवराभोवतीच असतो. माझ्या मते या विषयाला खरे वळण त्या एका वर्णपटाने दिले.

तरीही ‘लालपणा कुठून?’ हा प्रश्न उरलाच होता. ‘क्लिफ’, म्हणजे कडा, या नावाने ओळखला जाणारा ३.५५ ताम्रसृतीचा ठिपका पाहा: त्याच्या वर्णपटात बामर मर्यादेपाशी प्रकाश इतका एकदम वाढतो की ताऱ्यांचे कोणतेही मिश्रण घेतले तरी तेवढा उंच कडा उभा राहत नाही. मात्र कृष्णविवराला अतिशय दाट हायड्रोजनचे जाड आवरण असेल, तर तो सहज उभा राहतो. ज्या अणूचा इलेक्ट्रॉन दुसऱ्या पातळीवर असतो, तोच ३६४.५ नॅनोमीटरहून लहान तरंगलांबीचा प्रकाश अडवू शकतो. पण इलेक्ट्रॉन त्या पातळीवर क्षणभरही टिकत नाही. असे अणू पुरेशा संख्येने सतत असायला वायू फार दाट लागतो. बाहेरून पाहता हे आवरण ताऱ्याच्या वातावरणासारखे वागते, आत मात्र अणुसंमीलनाऐवजी कृष्णविवरात कोसळणारा वायू ऊर्जा पुरवतो. ‘कृष्णविवर-तारा’ हा शब्द यावरून आला.

व्याध
वरील मांडणी मला पटते, परंतु एक आक्षेप नोंदवणे आवश्यक वाटते. एवढी कृष्णविवरे वायू गिळत असतील तर क्ष-किरण कुठे आहेत? चंद्रा या अवकाशातील क्ष-किरण वेधशाळेच्या निरीक्षणांत अनेक ठिपक्यांचे संकेत एकत्र करूनही बहुतांशी काहीच हाती लागलेले नाही. नेहमीच्या क्वेसारांत, म्हणजे वायू गिळणाऱ्या कृष्णविवरांमुळे झळाळणाऱ्या दीर्घिका-केंद्रांत, तप्त धुळीचा मध्य-अवरक्त प्रकाश दिसतो, तोही येथे क्षीण आहे. आणि क्वेसारांची तेजस्विता जशी कमी-जास्त होते, तशी यांची फारशी होत नाही.

मृगशीर्ष
आक्षेप रास्त आहे. दाट वायूचे आवरण क्ष-किरण शोषून घेऊ शकते, शिवाय लालपणासाठी धूळच लागत नसेल तर तप्त धूळ न दिसणे अपेक्षितच ठरते. पण काही जणांच्या मते अतिवेगाने वायू गिळणारे कृष्णविवर मुळातच क्ष-किरण कमी देते. या दोन शक्यतांचा निवाडा अजून झालेला नाही.

आर्द्रा
वस्तुमानाबद्दल दोन शब्द. रेषेच्या रुंदीवरून वेग आणि वेगावरून वस्तुमान, ही सरधोपट रीत येथे फसू शकते. आवरणातील मुक्त इलेक्ट्रॉनांवर आपटून प्रकाश विखुरला तरी रेषा रुंदावते, आणि रुंदीचा मोठा भाग असा आलेला असेल तर कृष्णविवरे दहा ते शंभर पटींनी हलकी ठरतात. उलट बाजूचा पुरावाही मात्र आहे. एबल २७४४ या दीर्घिकासमूहाने गुरुत्वीय भिंगासारखे काम करून ७.०४ ताम्रसृतीच्या एका ठिपक्याच्या तीन प्रतिमा दाखवल्या आहेत. त्या विशालनामुळे तेथील वायूचे फिरणे प्रत्यक्ष मोजता आले आणि कृष्णविवराचे वस्तुमान सुमारे ५ कोटी सूर्यांइतके निघाले. विशेष म्हणजे त्याभोवती ताऱ्यांचे वस्तुमान फारसे शिल्लकच राहत नाही. आपल्या शेजारच्या दीर्घिकांत कृष्णविवर ताऱ्यांच्या एक हजारांशाच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या ठिपक्याला दीर्घिका म्हणताना पेन का अडखळते ते कळते.

शततारका
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. वळण हायड्रोजनच्या मर्यादेवरच येते हा मुद्दा माझ्या वाचनातून पूर्ण निसटला होता. एकच विचारतो: हे ठिपके पुढे गेले कुठे?

मृगशीर्ष
३४१ ठिपक्यांच्या एका पाहणीत ते महास्फोटानंतर ६० कोटी वर्षांच्या सुमारास मोठ्या संख्येने दिसू लागतात आणि १५० कोटी वर्षांच्या सुमारास झपाट्याने घटतात. आवरण विरून गेले, की भोवती ताऱ्यांची दीर्घिका वाढून ठिपका तिच्या उजेडात दडला, हे दोन्ही संभवते. सुदैवाने ०.१ ते ०.२ एवढ्या कमी ताम्रसृतीला अशा मोजक्याच वस्तू अलीकडे सापडल्या आहेत. त्या जवळ असल्याने त्यांचे बारकाईने वर्णपट घेता येतात, आणि आवरण विरताना कसे दिसते हे कळण्याची आशा मला सर्वांत जास्त त्यांच्याकडूनच वाटते.