२५ सप्टेंबरचा पुण्यातला पाऊस: कोण कुठे होतं? अनुभव लिहा

ओढ्याकाठची
लेकीला शाळेतून प्रोजेक्ट मिळालाय, आपल्या वाढदिवसाच्या तारखेला आपल्या गावात आजवर हवामान कसं होतं ते शोधून लिहायचं. तिची तारीख २५ सप्टेंबर. ऐकल्याबरोबर पोटात गोळा आला माझ्या, कारण २०१९ ची ती रात्र. तेव्हा आम्ही सहकारनगरला राहायचो, आंबील ओढ्याच्या अगदी जवळ. पाऊस संध्याकाळपासूनच होता, पण रात्री जो आवाज सुरू झाला तो पावसाचा नव्हताच. खिडकीतून बघितलं तर खालच्या पार्किंगमधल्या गाड्या तरंगत एकमेकींवर आपटत होत्या, हॉर्न आपोआप वाजत होते आणि गढूळ पाण्याच्या आतून पार्किंग लाइट लुकलुकत होते. ते पिवळे दिवे अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. अरण्येश्वरला टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसं गेली ते सकाळी कळलं, शहर आणि आजूबाजूची गावं धरून वीसच्या वर माणसं गेली त्या रात्री.
आणि शोधताना दिसलं की बरोब्बर पाच वर्षांनी २०२४ ला ह्याच तारखेला शिवाजीनगरला १३३ मिमी! सप्टेंबरात एका दिवसात एवढा पाऊस त्याआधी १९३८ ला झाला होता, १३२.३ मिमी, म्हणजे ८६ वर्षांनी. लेक आकडे लिहील, पण मला वाटतं माणसांनी काय बघितलं तेही तिने लिहावं. कुठल्याही वर्षीची २५ सप्टेंबर चालेल, लिहा ना.

कात्रज_जुना_घाट
लाईट गेली साडेनऊ दहाला, मग आईचा फोन की घरात पाणी येतंय आणि मी हडपसरला अडकलेलो. पहाटे पोचलो तर आई आणि शेजारच्या काकू वरच्या मजल्यावर कोणाच्यातरी घरी, सगळे मिळून चहा करत होते मेणबत्तीत. गॅस सिलिंडर रस्त्यावर सापडला आमचा. फ्रिज आडवा. आई म्हणाली देवघर वर ठेवलं आधी मग बाकीचं. आत्ता टायपतानाही घसा दाटून आलाय, नंतर लिहितो

चिंचेची_तळी
@कात्रज_जुना_घाट दादा 🙏 आईंना नमस्कार सांगा

पर्जन्यमापक
ताई, मुलीला एक गोष्ट जरूर सांगा, प्रोजेक्टमध्ये उपयोगी पडेल. वेधशाळेत पावसाचा दिवस रात्री बाराला बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. काल साडेआठ ते आज साडेआठ जेवढा पडला तो आजच्या तारखेला लिहितात. म्हणजे २०२४ ला २५ च्या दुपारनंतर जो कोसळला तो वहीत २६ ला दिसेल. तिने नुसतं २५ बघितलं तर भलताच आकडा हाती लागेल. मी आयुष्यभर हेच काम केलं, शिवाजीनगरला नाही पण दुसरीकडे. सकाळी मापक उघडायचं, पाणी काचेच्या नळीत ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीशी आणायचा आणि वाचायचं. पुण्यात हे फार जुनं आहे, हवामान खात्याचं मुख्य ऑफिसच १९२८ ला सिमल्याहून इथे आलं, म्हणून तर त्या चौकाला अजून सिमला ऑफिस म्हणतात.
आणखी एक, २०१९ च्या त्या पावसाला सगळे परतीचा म्हणतात पण त्या वर्षी मान्सूनने परतायला सुरुवातच केली ९ ऑक्टोबरला, राजस्थानातून. म्हणजे २५ सप्टेंबरला तो पुरता इथेच होता. २०२४ ला मात्र २३ तारखेला राजस्थानातून निघाला होता. आणि शिवाजीनगरचा आकडा म्हणजे अख्खं पुणे नाही. २०१९ ला खरा जोर दक्षिणेला, कात्रजच्या डोंगराकडे होता, ते सगळं पाणी आंबील ओढ्याने उतरलं.

मेट्रोवाली
अरे हे साडेआठचं मला माहीतच नव्हतं! भारी. २०२४ ला मी शिवाजीनगर कोर्टाजवळ ऑफिसात. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान येणार होते ना कोर्ट ते स्वारगेट मेट्रोच्या उद्घाटनाला, सगळीकडे मांडव बॅरिकेड, आणि दुपारनंतर जे अंधारलं की ट्यूबलाईट लावून बसलो. एस पी कॉलेजच्या ग्राउंडवर सभा होती तिथे नुसता चिखल, दौराच रद्द झाला, मग २९ ला ऑनलाइन उद्घाटन. मी कर्वेनगरला घरी पोचेपर्यंत सासूबाईंनी दोनदा भात गरम केला होता. रस्त्यात गुडघाभर पाण्यात एक पीएमपी बंद पडलेली आणि कॉलेजची पोरं ती ढकलत होती, ड्रायव्हरकाका आतून ओरडतायत अजून थोडं अजून थोडं, आणि निघाली की हो ती!! सगळ्या रस्त्याने टाळ्या वाजवल्या

खिचडी_पापड
पोरं सोन्यासारखी आहेत हो ह्या शहरातली

सदाशिवातली_मोठी_वहिनी
दोन्ही वर्षी ही तारीख पितृपक्षात होती कोणाच्या लक्षात आलं का? २०२४ ला आमच्याकडे सासऱ्यांचं श्राद्ध होतं. गुरुजींना यायलाच उशीर, सगळंच लांबलं. पान वाढून गच्चीत कठड्यावर ठेवलं आणि कावळ्याची वाट बघत बसलो. कावळा कुठला, आभाळच खाली आलं. खीर पत्रावळीतून वाहून गेली, वडे भिजून फुगले, आमसुलाची चटणी कठड्यावरून लाल ओघळत होती. नणंद रडायला लागली की बाबा जेवले नाहीत. तर धाकटे दीर म्हणाले बाबांना पाऊस किती आवडायचा, ते पावसातच बसून जेवले असं समज. मामंजी खरंच पहिल्या पावसात अंगणात खुर्ची टाकून बसायचे. मग सगळेच जेवलो नीट. त्यांची आठवण यायला तारीख लागत नाही मला, पण पाऊस आला की येतेच.

भोरचा_भात
वहिनी 🙏 आमच्याकडे म्हण आहे, पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा, न पडतील उत्तरा तर भात मिळेना पितरा. २५ सप्टेंबर म्हणजे उत्तराच चालू असतात, मग २७ च्या आसपास हस्त लागतो. हा पाऊस भाताला लागतोच, दाणा भरायच्या वेळी खाचरात पाणी नसेल तर पळींज होतं सगळं, म्हणजे दाणा पोकळच राहतो. पण २०१९ ला खाचराचे बांधच फुटले आमच्या शिवारात, माती गेली ती गेलीच. शहरवाल्यांच्या बातम्या झाल्या, बांधांच्या कोण करणार

सासवड_चौफुली
अगदी खरं. त्या रात्री आमच्या कऱ्हेला जो पूर आला तो माझ्या आजोबांनीही बघितला नव्हता. एरवी कऱ्हा म्हणजे वाळू आणि बाभळी. नाझरे धरणातून पाणी सोडलं आणि पार बारामतीपर्यंत लोकांना हलवलं. आमच्या गोठ्यातल्या दोन म्हशी दावं तोडून टेकावर चढल्या म्हणून वाचल्या, शेजाऱ्यांच्या बांधलेल्याच राहिल्या बिचाऱ्या.

नारायण_पेठ_६१
मी पानशेतच्या पुराच्या वेळी दहा वर्षांचा होतो. सकाळी शाळेतून पळत घरी, लकडी पूल पाण्याखाली, दोन दिवसांनी चिखलात वडिलांच्या दुकानाची वजनं सापडली, तराजू नाही.

मेट्रोवाली
काका ते १२ जुलै १९६१ ना, तारीख वेगळी पण लिहाच तुम्ही, थांबू नका

नारायण_पेठ_६१
लिहितो. नातू टाईप करून देतो तो आत्ता क्लासला गेला आहे.

पर्वती_पायथा
आंबील ओढ्यावरून आठवलं, तो मुळात आत्ताच्या वाटेने वाहतच नव्हता, पेठांमधून जायचा. नानासाहेब पेशव्यांनी तो वळवला आणि पर्वतीखाली तळं केलं, तळ्यातला गणपती म्हणतो तो त्यातलाच, आता सारसबाग. कात्रजच्या तलावातून शहराला पाणी आणलं तेही त्यांनीच. तेव्हा वळवताना त्याला पसरायला मोकळी जागा होती. आता दोन्ही काठांना भिंती आणि पात्रात राडारोडा, मग पाणी जाणार कुठे. मला ह्याचा मनापासून राग येतो, पावसाला नावं ठेवून चालणार नाही.

ओढ्याकाठची
सगळे इतकं भरभरून लिहिताय, लेकीला वाचून दाखवतेय. पर्जन्यमापक काका, तिचा प्रश्न आहे की १३३ मिमी म्हणजे नक्की किती पाणी?

पर्जन्यमापक
शाब्बास! एक चौरस मीटरवर एक मिमी म्हणजे एक लिटर. हजार स्क्वेअर फुटांची गच्ची साधारण ९३ चौरस मीटर, गुणिले १३३, म्हणजे बारा हजार लिटरच्या वर. दहा हजारचा टँकर येतो ना उन्हाळ्यात, त्याहून जास्त, एका घराच्या डोक्यावर. तिला म्हणावं प्लास्टिकच्या डब्याने घरी मापून बघ, डबा सरळ भिंतीचा हवा, खाली निमुळता नको. आणि झाडाखाली ठेवायचा नाही. तिला आवडत असेल तर हेही लिहू दे, पुण्याचं सगळ्यात जास्त तापमान ४३.३, ३० एप्रिल १८९७ ला, आणि सगळ्यात कमी १.७, १७ जानेवारी १९३५ ला.

खिचडी_पापड
१.७!!! आणि आम्ही १० ला स्वेटर शोधतो

कोथरूड_चौथा_मजला
सॉरी विषय सोडून विचारते, गच्चीवरून आठवलं, २०२४ च्या त्या पावसापासून आमच्या बेडरूमच्या छताला ओल आहे, सोसायटीने वरून केमिकल मारून घेतलं तरी परत येते. कोणी केलंय का नीट काम?

पर्वती_पायथा
ताई वरून केमिकल मारून काही होत नाही, ब्रिकबॅट कोबा (स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा थर) फुगला असेल, ठोकून बघा पोकळ आवाज येतो का. पन्हाळीच्या तोंडाशी आधी बघा, बहुतेक तिथूनच जातं

कोथरूड_चौथा_मजला
येतो ना आवाज पन्हाळीपाशीच! आत्ता करून घेऊ का?

पर्वती_पायथा
आत्ता नको, स्लॅब पूर्ण वाळू द्या. दिवाळीनंतर कोबा काढा, नवीन घातल्यावर सात दिवस पाणी तुंबवून ठेवा, खाली ओल आली नाही तरच पैसे द्या